टमाटर लाल होतात पण चवच लागत नाही: विदर्भातल्या परसबागेतली दरवर्षीची तक्रार आणि आमच्याकडे ती कशी गेली

आमच्या गावात ही तक्रार दरवर्षी ऐकू येते आणि सुरुवातीची तीन वर्षं मी स्वतःच ती करत होते. झाड छातीएवढं, फळं भरपूर, रंगही बरा, पण कापून मीठ लावून खाल्लं की तोंडात नुसतं पाणी, ना आंबट ना गोड. वरणात टाकलं तर वरण पातळ होतं, चटणी केली तर वरून चिंच घालावी लागते. मग लोक म्हणतात आता बियाणंच तसं आलं, काही उपाय नाही. बियाण्याचा भाग आहे, नाही असं नाही, पण आमच्याकडे तरी तो शेवटचा भाग निघाला, त्याच्या आधी तीन-चार गोष्टी आपल्याच हातातल्या होत्या.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं. तिकडे पावसाळ्याच्या तोंडाशी लागण व्हायची आणि गणपती-दसऱ्याच्या दिवसांत क्रेटच्या क्रेट मार्केटला जायचे, त्यामुळे टोमॅटो कसा लावायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही असंच वाटायचं. लग्न होऊन वर्धा जिल्ह्यात आले, आर्वी तालुक्यात, आणि इथेही तेच कॅलेंडर लावलं. पहिल्या वर्षी जूनमध्ये रोपं लावली, घरामागची काळी माती आठ-आठ दिवस चिखलच राहिली, मुळं कुजली, पानं पिवळी पडली, जी काही फळं आली ती फुगलेली आणि तडकलेली. दुसऱ्या वर्षी म्हटलं उन्हाळी घेऊ, जानेवारीच्या शेवटी लावली तर मार्चपासून फुलं गळायला लागली आणि एप्रिलमध्ये जी फळं पिकली ती लाल झालीच नाहीत, नारंगीच राहिली, आतून पांढरी दांडी. तिसऱ्या वर्षी वेळ जमली पण रोज पाईप लावून पाणी आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर युरिया, झाडं अशी माजली की शेजारच्या काकू बघायला आल्या, आणि चव शून्य.

तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अवं, तू त्याले रोज पाणी पाजून राहिली, मंग त्यातून पाणीच निंगन ना." त्या टमाटरला भेदरं म्हणतात, इकडे जुनी माणसं सगळी तेच म्हणतात. मी तेव्हा मनावर घेतलं नाही. नंतर वाचत गेले, करून बघत गेले, तेव्हा कळलं की त्या एका वाक्यात अर्धा इलाज होता.

तर आधी निदान कसं करायचं ते सांगते, कारण चव नाही म्हणजे प्रत्येकाचं कारण सारखंच असेल असं नाही. झाडावरचं पूर्ण पिकलेलं एक फळ घ्या आणि देठापासून उभं कापू नका, मधोमध आडवं कापा. आत बिया ज्या गरात बसलेल्या असतात तो चिकट गर बघा, टमाटरचा आंबटपणा मुख्यतः तिथे असतो. गर भरलेला आहे पण चव पांचट, तर पाणी जास्त झालंय. गर कमी आणि कप्प्यांमध्ये हवा आहे, फळ दाबलं की पोकळ लागतं, तर फूल धरायच्या वेळी फार गरमी किंवा फार थंडी होती म्हणून परागीभवन नीट झालं नाही, किंवा नत्र जास्त झालं (असं फळ पाण्याच्या बादलीत टाकलं की वर तरंगतं, भरलेलं फळ बहुतेक वेळा खाली बसतं, मुलांना हे करायला फार आवडतं). देठाजवळचा भाग पिवळा आणि कडक, आत पांढऱ्या रेषा, तर उष्णता. आणि फळ सगळीकडून छान दिसतंय, गर पण आहे, साल मात्र जाड आणि चावताना रबरासारखी, तर मग ती जात बाजारात लांब पाठवायसाठी काढलेली आहे, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता सगळ्यात मोठं कारण, वेळ. टमाटरात शंभरातले ९४-९५ भाग पाणीच असतं, उरलेल्या पाच-सहा भागांत साखर, आंबटपणा, वास सगळं बसवायचं असतं, म्हणून त्यात एका भागाचा फरक पडला तरी जिभेला लगेच कळतं. ही साखर पानं दिवसा उन्हात बनवतात, आणि रात्र गरम असली की झाड त्यातली बरीचशी श्वसनातच खर्च करून टाकतं. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, आपण त्याच्या निम्म्यावर, त्यामुळे पावसाळ्यातल्या रात्री तिकडे गार असतात आणि आपल्याकडे सप्टेंबर उजाडला तरी घामाघूम. परत दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २४-२५ च्या वर गेलं की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात, मार्चनंतर ते आपल्याकडे होणारच. रंगाचंही तसंच, ३०-३२ अंशांच्या वर टमाटरातलं लाल रंगद्रव्य बनणं मंदावतं पण पिवळं बनत राहतं, म्हणून एप्रिलचं फळ नारंगी. खताची कमी म्हणून त्यावर लोक काय काय फवारतात, त्याचा काही उपयोग नाही, तो उन्हाळाच आहे.

म्हणजे काय, तर आपल्याकडे फळ पिकायला उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवसा २८-३० अंश आणि स्वच्छ ऊन, रात्री १०-१३ अंश. असं हवामान नाशिकच्या पावसाळी पिकाला मिळत नाही हे मला आता पटलंय, विदर्भाला आपण नेहमी कडक उन्हासाठी ओळखतो पण हिवाळा आपला टमाटरसाठी सोन्यासारखा आहे. मी आता पोळ्याच्या आसपास बी टाकते, रोप २५ ते ३० दिवसांचं झालं की दसऱ्याच्या मागेपुढे लावते, पहिलं फळ डिसेंबरच्या मध्याला येतं आणि चांगल्या चवीचं तोडणं मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. जानेवारीत एखादा आठवडा फार गारठा पडला की थोडी फुलं गळतात, फळ पिकायलाही जास्त दिवस घेतं, घाबरायचं नाही, सगळ्यात गोड फळं त्याच दिवसांतली असतात. होळीनंतर मी झाडं काढून टाकते. आधी जीव तुटायचा, हिरवीगार झाडं कशी उपटायची, पण त्या झाडांना मेपर्यंत पाणी घालून मिळतं काय तर पांढऱ्या माशीचं घर.

दुसरं पाणी, आणि यावर मी जरा लांबण लावणार आहे कारण काळ्या मातीत पाणी समजणं हेच अवघड आहे. यूट्यूबवर कुंडीवाले सांगतात रोज सकाळी पाणी द्या, ते कुंडीसाठी बरोबर असेल, आपल्या काळ्या जमिनीसाठी नाही. ही माती वरून सुकलेली, भेगा पडलेली दिसते आणि चार बोटं खाली ओलीगच्च असते. आपण वरचं बघून पाणी घालतो, मुळांना हवा मिळत नाही, आणि फळात साखरेपेक्षा पाणीच जास्त जातं. मी काय करते, झाडाच्या बुडापासून वीतभर लांब, खुरप्याने चार-पाच बोटं खोल माती उकरते आणि मुठीत घेऊन दाबते. गोळा झाला आणि हाताला चिकट लागला तर पाणी नाही. गोळा झाला पण कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर आज संध्याकाळी पाणी. गोळाच होत नाही, भुरभुर आहे, तर उशीर झाला. दुपारी दोन वाजता पानं थोडी मान टाकतात ते बघून पाईप घेऊन पळू नका, संध्याकाळी ती परत उभी राहतात. सकाळी सातला पानं खाली असतील तर मात्र खरंच तहान आहे (किंवा मर रोग, तेव्हा माती बघा, ओली असून पानं पडली असतील तर तो वेगळा विषय).

माझा हिशोब असा बसलाय: रोप लावल्यावर पहिले तीन आठवडे तीन-चार दिवसांनी, फुलं आल्यापासून फळ लिंबाएवढं होईपर्यंत पाच दिवसांनी आणि अजिबात चुकवायचं नाही, आणि पहिल्या घडावरची फळं पूर्ण आकाराची होऊन हिरव्याची पांढुरकी व्हायला लागली की आठ दिवसांनी, झाडाला साधारण अर्धी बादली. या शेवटच्या टप्प्यात फळ वाढत नसतं, पिकत असतं, तेव्हा पाणी आखडलं की फळ थोडं लहान राहतं पण चव घट्ट येते. माझी फळं आधीपेक्षा लहान झालीत हे खरं आहे आणि त्याचं मला काहीच वाटत नाही, दोन फळांत चार माणसांची चटणी होते, आधी पाच लागायची.

पण आखडायचं म्हणजे तोडायचं नाही हां. पंधरा दिवस कोरडं ठेवून एकदम पाट सोडला तर दोन गोष्टी होतात, फळं तडकतात आणि बुडाला काळा चामड्यासारखा डाग येतो. तो डाग कॅल्शियम कमी पडल्याने येतो म्हणून लोक अंड्याची टरफलं आणि चुना टाकतात. आपल्या मातीत चुनखडीच्या गाठी हाताला लागतात, कॅल्शियम भरपूर आहे, ते फळापर्यंत पोहोचवायला पाणी एकसारखं लागतं तेवढंच. काळी माती सुकून तडकली की बारीक मुळंही तुटतात, म्हणून वर आच्छादन पाहिजेच. त्यासाठी विकत काही आणायची गरज नाही, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरतो तो भुसा) तेव्हाच निघालेलं असतं, दसऱ्याला लावलेल्या रोपांना दिवाळीच्या सुमारास चार बोटं जाड कुटार पसरायचं, खोडापासून थोडं लांब. या एका गोष्टीने माझं पाणी जवळपास निम्म्यावर आलं.

वाफा सपाट ठेवू नका. फूटभर उंच, तीन फूट रुंद गादी करा, लावणीच्या पंधरा दिवस आधी त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडा बारीक मुरूम मिसळा, परतीचा पाऊस आला तरी पाणी बाजूच्या सरीत उतरतं. आमच्या घराच्या दक्षिणेला थोडी बरड, म्हणजे हलक्या मुरमाड मातीची जागा आहे, तिथे भाजी होत नाही म्हणून पडीत होती, मागच्या दोन वर्षांपासून मी चार झाडं तिथे लावते, आणि खरं सांगते, चवीला ती चार काळ्या मातीतल्यांपेक्षा सरस.

राख. हे मला मुद्दाम सांगायचंय कारण इकडे घरोघरी चुलीची राख टमाटरला टाकतात आणि व्हिडिओतही सांगतात की राखेत पोटॅश असतं म्हणून फळ गोड होतं. पोटॅश असतं हे बरोबर. पण राख चुन्यासारखी असते, सामू (पीएच) वाढवते, जिथे माती आंबट आहे तिथे, म्हणजे कोकणात वगैरे, ती चांगली. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ आधीच असतो, त्यात राख टाकत राहिलं की लोह आणि जस्त झाडाला उचलता येत नाही, शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. पिवळं दिसलं की आपण युरिया टाकतो आणि घोळ वाढतो. पोटॅश आपल्या काळ्या मातीत बहुतेक वेळा बऱ्यापैकी असतंच. एकदा माती तपासून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात होते, वर्धा जिल्ह्याचं सेलसुऱ्याला आहे, मग अंदाजाने टाकाटाकी करायची वेळ येत नाही. मी आता लावताना शेणखतासोबत मूठभर सुपर फॉस्फेट टाकते, फुलं येईपर्यंत एकदा पातळ जीवामृत, आणि फळं लिंबाएवढी झाली की ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत) लिटरला ५ ग्रॅम घेऊन एक-दोन फवारण्या. युरिया नाहीच. त्यात ४६ टक्के नत्र, पान माजतं, फळ उशिरा पिकतं, चव उतरते.

हिरवी नेट मी एक वर्ष एप्रिलमध्ये बांधली होती ती नोव्हेंबरपर्यंत काढलीच नाही, झाडं उंच आणि फिकट झाली. हिवाळ्यात टमाटरला पूर्ण ऊन पाहिजे, कमीत कमी सहा-सात तास. शेवग्याखाली, कडुनिंबाखाली लावून चव मागू नका. आणि पानं खुडू नका, खालची मातीला टेकणारी आणि रोगट तेवढी काढा, पान हाच साखरेचा कारखाना आहे. झाडं बांधायला तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या चालतात, आमच्याकडे पऱ्हाट्याच असतात, पण पऱ्हाटी आधी चांगली वाळलेली हवी.

पऱ्हाटीवरून आठवलं, पांढरी माशी. कपाशीवरून ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घराजवळच्या टमाटरवर उतरते आणि पानं वळवणारा व्हायरस आणते, एकदा शेंडा गुंडाळला, पानं लहान आणि जाड झाली की त्या झाडाला औषध नाही, उपटून जाळून टाका. इलाज रोपवाटिकेतच करायचा, बी टाकल्यापासून रोपांवर जुनी मच्छरदाणी चारही बाजूंनी मातीत दाबून ठेवायची, लावल्यावर पिवळे चिकट सापळे आणि दहा-बारा दिवसांनी निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून गाळून. मागच्या वर्षी जिथे वांगी, मिरची, बटाटे होते तिथे टमाटर नको, एकाच घरातली भावंडं आहेत, रोग तेच.

आता जात. अर्का रक्षक ही बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जात रोगाला चांगली टिकते, पानं वळायच्या व्हायरसलाही, घरात खात्रीने टमाटर पाहिजे असतील तर दोन-चार झाडं तिची लावा, चव मध्यम. पुसा रुबी जुनी आहे, साल पातळ, फळ जरा चपटं आणि कडेला घड्या, आंबट-गोड, टिकत नाही म्हणून बाजारवाले नाक मुरडतात पण घरच्यासाठी मला तीच आवडते. एक गोष्ट बघून ठेवा, जुन्या जातींचं कच्चं फळ देठाकडे गडद हिरवं असतं, खांद्यावर पट्टा असल्यासारखं. नव्या बऱ्याच जाती सगळीकडून सारख्या फिकट हिरव्या असतात, कारण फळं एकसारखी पिकावीत म्हणून तसंच निवडत गेले. २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्यामागचा जनुक शोधला तेव्हा कळलं की तो गडद हिरवेपणा गेला तसा फळातच साखर बनवायचा एक मार्ग अधू झाला. म्हणून रोप किंवा बी कुणाकडून घेणार असाल तर त्यांच्या झाडावरचं कच्चं फळ बघा. मला एका नर्सरीतून गावठी म्हणून दिलेली रोपं पूर्ण संकरित निघाली होती, तेव्हापासून मी फळ बघितल्याशिवाय घेत नाही.

आणि गावठी म्हणजे आपलं भेदरं. लिंबाएवढं, आंबट, पातळ सालीचं, उकिरड्यावर किंवा न्हाणीच्या पाण्यावर आपोआप उगवतं. लहान फळाच्या जातींत साखर आणि आंबटपणा दोन्ही जास्त असतात आणि उन्हाळाही त्या थोडा जास्त सोसतात. सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणलेलं बी अजून चालू आहे. भाजलेलं भेदरं, हिरवी मिरची, लसूण, मीठ, पाट्यावर जाडसर वाटून ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्लं की कळतं, की आपण बाजारातून काय आणत होतो.

माझी मावसनणंद दर्यापूरकडे दिली आहे, खारपाणपट्ट्यात. तिच्याकडे फळ धरतं कमी आणि लहान, पण गोड असतं. मचूळ पाण्यात झाडाला पाणी उचलायला जड जातं म्हणून फळात पाणी कमी आणि साखर दाट होते, ते खरं आहे. पण हे वाचून कुणी पाण्यात मीठ टाकू नका, माती कायमची बिघडते, बुडाचा काळा डागही वाढतो. ती स्वतः पावसाचं साठवलेलं पाणी आलटून-पालटून देते तेव्हा तिचं भागतं.

शेवटी तोडणी, कारण इतकं सगळं करून चव इथेही घालवता येते. झाडावर पूर्ण लाल होऊ देणं चांगलं, पण आमच्याकडे वानरं आणि पोपट ठेवत नाहीत. बुडाला गुलाबी रंग चढला की तोडलं तरी चालतं, तिथून पुढे फळ घरात व्यवस्थित पिकतं, हिरवं तोडलेलं मात्र रंगावर येतं आणि चवीला मार खातं. टोपल्यात एका थरात, देठ खाली करून ठेवा, घरातल्या गार खोलीत, आमच्याकडे माठाच्या शेजारी ठेवतात. फ्रिजमध्ये नको. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या संशोधकांनी पिकलेले टमाटर ५ अंशांवर आठवडाभर ठेवून तपासले होते, साखर आणि आंबटपणा तसाच राहिला पण वास देणारी द्रव्यं उतरली आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण भरून आली नाहीत. टमाटरची चव म्हणजे निम्मा वासच. फारच जास्त निघाले तर फ्रिज भरण्यापेक्षा चिरून मीठ लावून फेब्रुवारीच्या उन्हात वाळवा, तीन-चार दिवसांत खडखडीत होतात आणि पावसाळ्यात डाळीत टाकायला कामी येतात.

बी धरायचं असेल तर जानेवारीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या घडातलं, ज्याची चव तुम्ही स्वतः खाऊन बघितली आहे त्याच झाडाचं फळ घ्या, संकरित जातीचं नको, ते पुढच्या वर्षी तसं निघत नाही. गर आणि बिया वाटीत काढून दोन-तीन दिवस तशाच आंबू द्या, वर पांढरा थर येतो, मग पाणी घालून ढवळा, चांगलं बी खाली बसतं, वरचं ओतून द्या. धुवून ताटलीवर सावलीत पसरा, कागदावर नको, चिकटतं. पुडीवर झाडाची जागा आणि तारीख लिहा. मी एक वर्ष लिहिलं नाही आणि बरडीवरच्या त्या चार झाडांचं बी कोणतं ते पोळ्याला सापडलं नाही, यंदा चारही पुड्यांवर लिहून ज्वारीच्या कोठीत ठेवलंय.